लग्न झालं की सुधारेल?

(प्रभागसंघाच्या वार्षिक सभेत एका निवृत्त आरोग्य सेविकेने केलेलं हे भाषण. पावसामुळे सभेला येऊ न शकलेल्या ताईंनी मागणी केली म्हणून इथे छापत आहोत.)



अध्यक्षताईंनी मला विषय दिला होता 'व्यसन आणि कुटुंब'. विषय ऐकूनच तुमच्यातल्या निम्म्याजणी मनात म्हणाल्या असतील, आता ही बाई यकृताचं चित्र दाखवणार आणि शेवटी सगळ्यांना शपथ घ्यायला लावणार. मी चित्र आणलेलं नाही, शपथही नाही. ज्या घरात दारू रोज येते त्या घरातल्या बाईला दारू वाईट हे बाहेरच्या कोणी येऊन सांगायची गरज नसते.

मी आज एका वाक्याबद्दल बोलणार आहे. हे वाक्य आपणच बोलतो, आपल्याच पडवीत बसून. "लग्न झालं की सुधारेल."

आधी माझी चूक सांगते, म्हणजे पुढचं बोलायला मला तोंड राहील.

मी संगमेश्वर तालुक्यात एका उपकेंद्रात बरीच वर्षं काम केलं. पंधरा वर्षांपूर्वी एक दिवस लसीकरण आटपून बसले होते, तेव्हा एक गृहस्थ पायरीवर येऊन बसले. लांज्याकडून आले होते, पायात चिखल. म्हणाले, "बाई, तुम्ही घरोघर फिरता. अमक्यांचा मुलगा कसा आहे? माझ्या मुलीसाठी बघतोय."

त्या मुलाचं मला सगळं माहीत होतं. सोळाव्या वर्षी शिमग्यात मोठ्या पोरांनी त्याच्या हातात ग्लास दिला तेव्हा सगळ्या वाडीने हसून घेतलं होतं. एकोणिसाव्या वर्षी तो मुंबईला गेला. पंचविशीत गणपतीला गावी आला तेव्हा सकाळी उठल्यावर त्याचे हात थरथरायचे, आणि ते थांबवायला चहाच्या आधी दोन घोट घ्यावे लागायचे. हे मी स्वतः पाहिलं होतं. त्याची आई माझ्या गळ्यात पडून रडली होती. तीच म्हणाली होती, "आता लग्न लावून देतो बाई, बायको आली की येईल ताळ्यावर."

आणि मी त्या गृहस्थांना काय सांगितलं? "मुलगा कामसू आहे. घरचे चांगले आहेत." दोन्ही खरं होतं. ते समाधानाने उठून गेले.

ती मुलगी आज आपल्याच प्रभागात एका गटात आहे. तिला विचारून मी हे सांगते आहे. नाव सांगणार नाही आणि तुम्हीही इकडे तिकडे बघू नका.

आता तुम्ही म्हणाल, मग ते वाक्य खोटंच आहे का? नाही. पूर्ण खोटं असतं तर इतकी वर्षं टिकलं नसतं. आपण सगळ्यांनी असे पुरुष पाहिलेत जे तरुणपणी प्यायचे, धिंगाणा घालायचे आणि आता भजनात पखवाज वाजवतात. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठ १९७५ पासून दरवर्षी बारावीच्या मुलांना दारू, गांजा, सिगारेट याबद्दल विचारतं आणि त्यातल्या काहींची पुढे अनेक वर्षं खबर घेत राहतं. त्यांना जे दिसलं ते आपल्या वाडीपेक्षा फार वेगळं नाही. शाळा सुटली, घर सुटलं की दारू वाढते. विशीच्या सुरुवातीला ती सगळ्यात जास्त असते. पुढे नोकरी लागते, लग्न होतं, मूल होतं, तशी पुष्कळांची दारू आपोआप कमी होत जाते. गांजाचंही बरंचसं तसंच.

म्हणजे ओसरते. पुष्कळांची ओसरते. प्रश्न उरलेल्यांचा आहे.

माझ्याच घरातलं सांगते. माझा मुलगा अठरा वर्षांचा असताना रत्नागिरीला शिकायला खोली घेऊन राहत होता. सुट्टीत आला तेव्हा त्याच्या पँटच्या खिशात एक पुडी आणि पातळ कागदांचं पाकीट सापडलं. मी आरोग्य खात्यातली, तरी ते कागद कशाचे हे मला शेजारच्या पोराने सांगितलं! ह्यांनी त्याला खळ्यात उभा करून मारला. दोन दिवस तो जेवला नाही. तिसऱ्या दिवशी मी त्याला घेऊन काजूच्या बिया गोळा करायला गेले आणि तिथे विचारलं, कधीपासून, कोणाबरोबर, एकटा असताना लागतो का. त्याने सांगितलं, आठ महिने झाले, शनिवारी चौघे मिळून, एकट्याने कधी नाही. मी त्याला सोड म्हणून सांगितलं, तो हो म्हणाला, आणि पुढची दोन वर्षं त्याने अधूनमधून ओढलाच. खोटं कशाला बोलू. मग नोकरी लागली, सकाळची पाळी असायची, त्या चौघांतला एक पुण्याला गेला, एकाचं फाटलं. तेवीसाव्या वर्षी कधीतरी सुटला तो सुटला. आज त्याला विचारलं तर तो म्हणतो, "आई, मी सोडला असं काही नाही, वेळच राहिला नाही."

हा माझा मुलगा, आणि तो थरथरत्या हातांचा मुलगा. दोघंही चांगल्या घरातले. एकाचं ओसरलं, एकाचं मुरलं. आईवडिलांच्या संस्कारावर सगळं ढकलू नका. त्या दुसऱ्या मुलाच्या आईने माझ्यापेक्षा जास्त उपास केले होते.

मग फरक कशात?

एक मोठा फरक वयात आहे, सुरुवात किती लहानपणी झाली यात. आपल्या शेजारी गोव्यात एक अभ्यास झालाय. उत्तर गोव्यातल्या खेड्यांतल्या आणि शहरांतल्या १८ ते ४९ वयाच्या १८९९ पुरुषांना विचारलं, तुम्ही दारू कधी सुरू केली. १९५६ ते १९६० मध्ये जन्मलेल्यांत किशोरवयातच सुरुवात करणारे होते १९.५ टक्के. १९८१ ते १९८५ मध्ये जन्मलेल्यांत ७४.३ टक्के! म्हणजे शंभरात वीसवरून चौऱ्याहत्तरवर, एका पिढीत. आणि ज्यांनी किशोरवयात सुरुवात केली त्यांच्यात मोठेपणी दारूच्या पूर्ण आहारी जाणं, मन सैरभैर होणं, मार लागणं, अपघात होणं हे सगळं जास्त दिसलं. ती मुलं आज चाळिशीत आहेत. आपल्या नवऱ्यांच्या, दिरांच्या वयाची.

लहान वयाचं इतकं का? माणसाचा मेंदू पंचविशीपर्यंत घडत असतो, आणि 'थांब, आता पुरे' असं सांगणारा पुढचा भाग सगळ्यात शेवटी तयार होतो. हापूसचं कलम लावल्यावर पहिली काही वर्षं आलेला मोहोर आपण खुडून टाकतो ना? झाड आधी वाढायला पाहिजे म्हणून. सोळा वर्षांच्या पोराच्या हातात ग्लास देऊन "पुरुष झाला" म्हणणारे काका घरच्या कलमांना असं कधी करणार नाहीत.

आपल्या जिल्ह्यात ह्याला आणखी एक वळण आहे. मंडणगडपासून राजापुरापर्यंत बघा, दारू वाढायच्या नेमक्या वयात आपला मुलगा आपल्या नजरेआड जातो. पूर्वीही जायचा. पण तेव्हा मुंबईत गावकीची खोली असायची. एका खोलीत वाडीतले पंधरा जण, त्यात एखादा मामा, एखादा चुलता. पोरगं पिऊन आलं तर आठ दिवसांत पत्र गावी. (त्या खोल्यांमध्येही पिणारे होतेच, मी काही त्यांना देवळं म्हणत नाही.) आता चार सारख्या वयाची पोरं नालासोपाऱ्याला नाहीतर दिव्याला खोली घेतात. सांगणारं कोणी नाही. आपल्याला मुलगा दिसतो तो शिमग्याला आणि गणपतीला, आणि ते पंधरा दिवस पिण्याचेच असतात असं सगळ्यांनी ठरवून टाकलेलं असतं, त्यामुळे सवय कुठली आणि सण कुठला हे आईला कळत नाही.

म्हणून मी आयांना सांगते, सणाच्या रात्री किती प्यायला ते मोजू नका, दुसरं बघा. पालखी आपल्या दारातून गेल्यावरही चालू आहे का? कोणी सोबतीला नसताना, मांगरात एकटा बसून पितो का? सकाळी उठल्याबरोबर लागते का? पूर्वी जेवढ्यात चढायची तेवढ्यात आता काहीच होत नाही, असं तो मोठेपणा म्हणून सांगतो का? तो मोठेपणा नाही, ती वाईट खूण आहे. आणि सगळ्यात साधं म्हणजे त्याला महिनाभर थांबायला सांगा. भांडून नाही, सहज. जो थांबू शकतो तो थांबतो. जो "मनात आणलं तर उद्या सोडीन" म्हणतो आणि परवा चिडतो, त्याच्यासाठी मदत शोधायची वेळ झाली.

"आमचा फक्त बिअर घेतो हो" हे मला फार ऐकू येतं. बाटली हातात घ्या आणि वाचा. ८ टक्क्यांची ६५० मिलीची एक स्ट्राँग बिअर म्हणजे दारूच्या हिशोबात चार छोटे पेग. दोन बाटल्या म्हणजे आठ. आपण बचतगटात पै-पैचा हिशोब ठेवतो, हाही जमेल. आणि आपल्या राज्यात बिअरसाठी २१ वर्षं पूर्ण लागतात, व्हिस्की-रमसारख्या कडक दारूसाठी २५. सतरा वर्षांच्या पोराला बाटली देणारा दुकानदार कायदा मोडतोय, हे त्याला जाऊन सांगायला आपल्याला कोणाची चिठ्ठी लागत नाही.

आता गांजा.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये दापोलीच्या किनाऱ्यावर चरसाची पाकिटं वाहून आली ते तुम्हाला आठवत असेल. कर्दे, लाडघर, केळशी, मुरुड, बुरोंडी, पुढे दाभोळपर्यंत. कस्टमने आणि पोलिसांनी मिळून दोनशे किलोंहून जास्त माल गोळा केला. महिनाभर एसटीत दुसरा विषय नव्हता. पण माझ्या मुलाच्या खिशातली पुडी काही समुद्राने आणून दिली नव्हती. ती त्याला मित्राने दिली होती. पहिल्यांदा फुकट.

गांज्याबद्दल घरात दोन टोकं असतात. आजोबा म्हणतात, साधू ओढतात, शंकराचा प्रसाद आहे, महाशिवरात्रीला आम्हीही भांग घ्यायचो. आणि आई म्हणते, संपलं, पोरगा वेडा होणार. दोन्ही बरोबर नाही. गांजा ओढणाऱ्या दहांतला साधारण एक जण त्याच्या आहारी जातो. सुरुवात किशोरवयात झाली असेल तर सहांतला एक. पुन्हा वयच आलं बघा. आणि थोडे असे असतात, विशेषतः ज्यांच्या रक्ताच्या नात्यात कोणाला मोठा मानसिक आजार झालेला आहे, त्यांना गांजाने संशय येऊ लागतो, कानात आवाज येतात, आपल्याबद्दलच सगळे बोलताहेत असं वाटतं. त्या वेळी कौल लावत बसू नका. देवाला नारळ ठेवा, माझी हरकत नाही, पण त्याच दिवशी डॉक्टरकडेही न्या. राज्यात सरकारची चार प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, ठाणे, पुणे, नागपूर आणि आपली रत्नागिरी. लोक लांबून इथे येतात आणि आपण मात्र नाव घ्यायला लाजतो. पोरांना चिडवायला 'रत्नागिरीला पाठवू का' म्हणतो. हे बंद करूया, कारण त्या चिडवण्यामुळेच माणसं उशिरा येतात.

पोलिसांची भीती असते. बरोबर आहे, गांजा बाळगणं हा गुन्हा आहे, आणि एक किलोच्या आतला म्हणजे 'कमी' असला तरी वर्षभराची शिक्षा किंवा दहा हजार दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पण त्याच १९८५ च्या कायद्यात कलम ६४-अ आहे. व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी उपचार घ्यायला गेला, तर स्वतः ओढल्याबद्दल किंवा जवळ थोडा सापडल्याबद्दल त्याच्यावर खटला चालवायचा नाही, अशी त्यात सोय आहे. उपचार मात्र पुरे करावे लागतात. विकणाऱ्याला ही सवलत नाही, हेही पोराच्या कानावर घाला. मित्रांसाठी 'फक्त आणून देणारा' कायद्यापुढे अडकतो.

पुन्हा लग्नाकडे येते, कारण मी मुळात त्यासाठी उभी राहिले.

लग्नाने दारू ओसरते ती कोणाची? ज्याची अजून सवय आहे, गरज झालेली नाही, त्याची. घरी वाट बघणारं कोणी आहे, पगार दोघांचा आहे, मूल रात्री उठतं, या सगळ्यात मित्रांची बैठक मागे पडते. पण ज्याच्या शरीरालाच दारू लागते, त्याला बायको आली म्हणून हाताची थरथर थांबत नाही. थांबणार कशी? तो आजार आहे. मधुमेह झालेल्या मुलाचं लग्न लावून त्याची साखर उतरेल असं आपण म्हणतो का? इथे मात्र वीस वर्षांच्या परक्या मुलीला औषध म्हणून घरात आणतो, आणि औषध लागू पडलं नाही की दोष औषधाला. "हिला नवरा सांभाळता आला नाही." त्या मुलीला हे वाक्य सासूने ऐकवलं, नणंदेने ऐकवलं, आणि एकदा तिच्या स्वतःच्या आईनेही. हे सांगताना ती रडली नाही. मीच रडले.

मला मुलीच्या आयांशीही बोलायचं आहे. चौकशी करताना "पितो का" असं विचारू नका. "कधीतरी, कार्यक्रमाला" हे उत्तर ठरलेलं आहे. तो ज्या खोलीत राहतो तिथे जाऊन या, एका सोमवारी सकाळी. गेल्या वर्षात नोकऱ्या किती बदलल्या ते विचारा. आणि माझ्यासारखी कोणी "मुलगा कामसू आहे" एवढंच म्हणून थांबली, तर पुढे विचारा, "आणि?"

माझं स्वतःचं मत असं की ज्या मुलाला रोज लागते त्याने उपचार घेऊन एक वर्ष कोरडं काढल्याशिवाय त्याच्यासाठी मुलगी बघायला जाऊ नये. आमच्या ग्रामसंघात मी हा विषय मांडला. गटातून लग्नासाठी कर्ज देताना निदान एकदा मोकळेपणाने विचारायचं, एवढंच म्हटलं होतं. केवढा गोंधळ झाला! एक ताई उठून म्हणाली, "माझ्या मुलाचं लग्न मोडलं तर म्हातारपणी तू मला घास भरवायला येणार का?" तिचं चुकलं असं मला म्हणवत नाही. तिला दुसरा आधार नाही. दुसरी म्हणाली, "आणि ती मुलगी माझी असती तर?" ठराव झाला नाही. विषय पुढच्या बैठकीत घेऊ असं लिहून ठेवलंय, आणि त्याला आता तीन बैठका झाल्या.

दुकान बंद करायचं तर कायदा आपल्या बाजूने आहे. २००८ च्या नियमाप्रमाणे गावातल्या पंचवीस टक्के महिला मतदारांनी अर्ज केला की मतदान घेता येतं, आणि एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला की परवान्याचं दुकान बंद. लक्षात ठेवा, मतदानाला आलेल्यांच्या निम्म्या नव्हे, यादीतल्या एकूण महिलांच्या. मुंबईला राहणारी सून यादीत असेल तर तीही मोजली जाते, आणि आपल्याकडे अर्ध्या सुना मुंबईला! तरी करा. मी विरोधात नाही. पण दुकान बंद झालं तरी मोटरसायकल पुढच्या गावात जाते, आणि हातभट्टीला तर परवानाच नसतो. घरातल्या एका मुलाचं काय करायचं हा प्रश्न मतदानाने सुटत नाही.

त्यासाठी गोव्याचाच दुसरा अनुभव सांगते, तो मला आपल्या जवळचा वाटतो. २०१७ साली तो प्रसिद्ध झाला. संगत नावाच्या संस्थेने डॉक्टर नसलेल्या, साध्या माणसांना शिकवून तयार केलं आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात बसवलं. दारू धोक्याच्या पातळीला गेलेली आहे पण अजून पूर्ण आहारी गेलेले नाहीत अशा पुरुषांशी ते जास्तीत जास्त चार बैठका बोलले. उपदेश नाही. दारू तुझं काय घेते, काय देते, कुठल्या वेळी लागते, त्या वेळी दुसरं काय करता येईल, एवढंच. तीन महिन्यांनी पाहिलं, तर ज्यांच्याशी नेहमीसारखंच वागलं गेलं त्यांच्यात शंभरातले २६ धोक्याच्या खाली आले होते, आणि ज्यांच्याशी असं बोललं गेलं त्यांच्यात ३६. दहाचा फरक. काहीजणींना हा आकडा छोटा वाटेल. मी घरोघर फिरलेली बाई आहे, मला दहा घरं दिसतात.

आणि जे मुरलेले आहेत त्यांना हात जोडून सांगणं असं, की घरात कोंडून एकदम दारू तोडू नका. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याची दारू एकाएकी बंद झाली तर दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होतो, जीवही जातो. डॉक्टरच्या देखरेखीखाली औषधं देऊन ती उतरवावी लागते. दुसरं, 'न कळत जेवणातून द्या' म्हणून जी पावडर, गोळ्या मिळतात त्या देऊ नका. दारू सोडवायचं एक औषध असं आहे की ते पोटात असताना माणूस प्यायला तर रक्तदाब कोसळू शकतो. ते डॉक्टर रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीने देतात. चोरून द्यायचं ते औषध नव्हे.

जायचं कुठे? जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराचे डॉक्टर भेटतात. पुण्यात मुक्तांगण आहे, डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचटांनी १९८६ मध्ये सुरू केलेलं, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांड्यांनी त्याला हात दिला होता. तिथे पत्नींचाही वेगळा गट आहे, सहचरी नावाचा. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या बैठका फुकट असतात. मुलगा पंढरीची माळ घालायला तयार असेल तर घालू द्या, माळेने सावरलेले मी पाहिलेत, फक्त हात थरथरणाऱ्याने आधी डॉक्टर गाठावा. फोनवर बोलायचं तर १४४४६ हा नशामुक्तीचा नंबर, १४४१६ हा टेलिमानसचा, मराठीतही बोलता येतं. घरात मारहाण होत असेल तर ११२ किंवा १८१. हे चार नंबर गटाच्या इतिवृत्ताच्या वहीत पहिल्याच पानावर लिहून ठेवा, म्हणजे कोणाला मागायला लाजावं लागणार नाही.

देशात किती जण उपचारापर्यंत पोचतात माहीत आहे? दिल्लीच्या एम्सने केलेला सर्व्हे २०१९ मध्ये आला. दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांमागे एकाला काही उपचार मिळाला होता. बाकीच्या सदतीसांत किती जणांची लग्नं 'उपाय' म्हणून झाली असतील ते कोणी मोजलेलं नाही.

त्या मुलीचा नवरा दोनदा उपचार घेऊन आला. पहिल्यांदा सात महिने टिकला, मग गणपतीत घसरला. दुसऱ्यांदा तीच त्याला घेऊन गेली, गटातून अंतर्गत कर्ज काढून, आणि गटाने त्या कर्जाचा उद्देश वहीत 'औषधोपचार' असा लिहिला. आज त्याला पाच महिने झाले. उद्याचं ती बोलत नाही, मीही विचारत नाही. तिचा मोठा मुलगा यंदा चौदा वर्षांचा झाला. परवा मला म्हणाली, "बाई, ह्या शिमग्यात तो मोठ्या पोरांबरोबर खेळे घेऊन जाणार म्हणतोय. जाऊ दे का?" मी म्हटलं, जाऊ दे, पालखी त्याचीही आहे. पण ह्या वेळी त्याच्या हातात कोणी ग्लास दिला तर वाडीने हसायचं नाही, हे आधी जाऊन गावकारांना सांगू. आपण दोघी जाऊ.

पुढच्या आठवड्यात जाणार आहोत. आणखी कोणाला यायचं असेल तर सांगा. आणि ज्यांना सगळ्यांसमोर बोलायचं नाही त्यांच्यासाठी, चहा झाल्यावर मी मागच्या खोलीत धान्याच्या पोत्यांपाशी बसेन. शेवटची एसटी सव्वापाचची आहे, तोवर आहे मी.